पावती मागणारे, पावती दाखवणारे

सांगली-मिरजेकडे ख्रिस्ती समाजाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणतो, "हे लोक पैसे देऊन बाटवतात." दुसरा लगेच म्हणतो, "अहो, पण मिरजेचं मिशन हॉस्पिटल कुणी काढलं?" पहिला आरोप करतो, दुसरा बचाव. दोघांचंही गृहीत मात्र एकच असतं. ख्रिस्ती माणूस इथे राहतो तो कशाच्या तरी बदल्यात, आणि म्हणून त्याने हिशेब द्यायला हवा. पहिल्याला तो हिशेब खोटा वाटतो, दुसरा पावती काढून दाखवतो. पावती मागण्याचा अधिकार पहिल्याला दिला कुणी, हे दोघंही विचारत नाहीत. आरोपाबद्दल बरंच लिहून झालं आहे. मला आधी बचावाबद्दल बोलायचं आहे, कारण तो चांगल्या माणसांकडून होतो आणि त्याने घात अधिक होतो.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि सासरच्यांनी धर्म बदलण्यासाठी तिचा छळ केल्याचा आरोप पुढे आला. आरोप गंभीर होता. सुनेचा छळ हुंड्यासाठी होवो, मुलगा होत नाही म्हणून होवो की देव बदल म्हणून होवो, तो गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेत छळासाठी कलम ८५ आहे आणि आत्महत्येला प्रवृत्त करण्यासाठी कलम १०८. तपास करावा, पुरावा कोर्टात मांडावा, दोषी ठरेल त्याला शिक्षा व्हावी. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारांनी सांगलीत जाहीरपणे बोलताना पाद्र्यांना ठोकणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं लावली. कुठला पाद्री, कोणत्या गुन्ह्यासाठी, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. पुढे ११ जुलैला मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती लोक निषेधासाठी जमले.

त्या दिवसांत जी निवेदनं निघाली, जे मेसेज फिरले, त्यांत मजकूर बहुधा एकच होता. हॉस्पिटलं, शाळा, वसतिगृहं, कुष्ठरोग्यांची सेवा, एवढं आम्ही केलं आणि आमच्याशी असं वागता? वाचून पोटात तुटत होतं आणि वैतागही येत होता. "याला मारा, बक्षीस देतो" असं कुणी म्हणालं तर त्यावर उत्तर "मी उपयोगी माणूस आहे" हे असतं का? सरळ उत्तर आहे की हा गुन्हा आहे, फिर्याद घ्या.

आता त्या यादीतलं पहिलं नाव घेऊ, डॉ. विल्यम वानलेस. कॅनडात जन्मलेला हा तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये इकडे आला. सुरुवातीला सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. जागा मिळाली मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडून, इमारतीचा पैसा आला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या रेल्वे इंजिनांच्या कारखानदाराकडून. इंजिनं विकून मिळालेल्या पैशातलं हॉस्पिटल रेल्वेच्या जंक्शनवर उभं राहिलं, हा योगायोगही मजेचा. पण मिरज मोठी झाली त्यात या जंक्शनचा वाटा फार मोठा. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून गाडीने उतरायचं आणि डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत गावातच कुठेतरी पथारी टाकायची, अशी सोय तेव्हा या भागात दुसरीकडे नव्हती. हॉस्पिटलला जोडून वानलेसनी इथल्या तरुणांना वैद्यक शिकवायला शाळा काढली. क्षयरोग्यांसाठी सांगली आणि मिरज यांच्या मधे सॅनेटोरियम झालं, त्या वस्तीचं नाव आजही वानलेसवाडी आहे आणि दोन्ही गावांत फिरणाऱ्या बसच्या कंडक्टरला ते नाव अडत नाही. १९२८ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९३३ मध्ये अमेरिकेत ते वारले. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात त्याचा पाया हा आहे, आणि १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज मिरजेला आलं तेही उगाच नव्हे.

हे सगळं खरं आहे आणि कृतज्ञतेने सांगावं असंच आहे. पण वाद चालू असताना हीच कहाणी पुढे केली की पहिला पेच उभा राहतो. वानलेस काही धर्मनिरपेक्ष संस्थेतर्फे आले नव्हते. ते मिशनरी होते, आपला प्रभू लोकांपर्यंत पोचावा ही त्यांची इच्छा होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. मिशन हॉस्पिटलांत रुग्णांपुढे शुभवर्तमान वाचलं जाई, प्रार्थना होई. तेव्हा तुम्ही हॉस्पिटलचं नाव घेतलंत की समोरचा म्हणतो, "बघा, सेवेच्या आडून हेच चालायचं." मग तुम्ही "नाही हो, ती निखळ सेवा होती" म्हणू लागता आणि खोटं पडता. त्या माणसाला धर्म सांगायचा होता आणि त्याने मोतीबिंदूही मनापासून काढले. या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात हे आपल्याला वारकऱ्यांच्या बाबतीत समजतं, धर्मशाळा बांधणाऱ्या शेटजींच्या बाबतीत समजतं, डॉक्टरांच्या बाबतीत मात्र समजत नाही.

दुसरा पेच याहून वाईट. यादीतली सगळी नावं गोऱ्यांची असतात. वानलेस आले, वानलेस गेले. पण ते हॉस्पिटल शंभर वर्षं रात्रंदिवस चालवलं कुणी? मिरज आणि कोल्हापूर परिसरातल्या महार-मांग वस्त्यांमधून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या बायका-पुरुषांनी. परिचारिकेचं काम आपल्याकडे अनेक वर्षं 'चांगल्या घरच्या' बायकांनी करायचं काम नव्हतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त पुसायचं, भांडं द्यायचं, रात्रपाळी करायची, हे विटाळाचं काम. महाराष्ट्रातल्या वॉर्डांमध्ये इतकी वर्षं ख्रिस्ती सिस्टर दिसत आली ती यामुळे. आमच्या घरात आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगतात. आजीने मिरजेला जाताना घरून पाण्याची कळशी नेली होती, कारण सिस्टरच्या हातचं पाणी चालणार नव्हतं. डोळ्यांवर पट्टी, उठायला बंदी. सिस्टर दोन वेळा अंग पुसून द्यायची, भांडं उचलायची, औषध घालायची. आजीला ते सगळं चालत होतं. फक्त पाणी तिच्या हातचं नको. कळशीतलं पाणी संपलं तेव्हा सिस्टरने माझ्या काकाला हाक मारून कळशी भरून आणायला लावली, स्वतः कळशीला हात लावला नाही. घरात ही गोष्ट अजून आजीच्या सोवळ्याचं कौतुक म्हणून सांगतात. त्या सिस्टरचं नाव कुणाला ठाऊक नाही.

ती सिस्टर कुठल्याही यादीत येत नाही. तिच्या नातवाने आज इथे मानाने राहण्यासाठी वानलेस साहेबांची पावती दाखवावी, असं आपण त्याला सुचवत असतो. आपल्याच जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे, लिंगायत आहे, मुस्लिम आहेत, मराठा तर आहेच. जैनांनी बोर्डिंगं काढली, पण ती काढली नसती तर त्यांना सांगलीत राहू द्यायचं की नाही याची चर्चा झाली नसती. मराठा समाजातल्या कुणाला "तुमच्या पणजोबांनी गावासाठी काय केलं ते सांगा, मग बघू" असं कुणी म्हणून बघावं. नागरिकाचे हक्क हा सेवेचा मोबदला नसतो. आळशी, निरुपयोगी, एकही शाळा न काढलेला ख्रिस्ती माणूससुद्धा मार न खाता घरी पोचला पाहिजे.

शिवाय या संशयाला जात बरोबर कळते. पाचगणीला जा. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून आहे. सेंट पीटर्समध्ये फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकून गेला, जग त्याला गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. तो काही ख्रिस्ती झाला नाही. पाचगणीच्या प्रार्थनांना, क्रुसांना, सिस्टरांच्या झग्यांना आपला आक्षेप नसतो. उलट तिथे ॲडमिशन मिळावी म्हणून वशिला लावणारे, देणगीची तयारी ठेवणारे लोक सातारा-सांगलीत कमी नाहीत, आणि व्यासपीठावरून मिशनऱ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांची मुलंही 'कॉन्व्हेंट'लाच जातात. संशय येतो तो वस्तीतल्या पत्र्याच्या शेडचा, जिथे रविवारी वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसून पेटी-तबल्यावर भजनं म्हणतात. इंग्रजी बोलणारा येशू चालतो. मराठी बोलणारा, तोही त्या वस्तीतला, चालत नाही. धर्म कुठला यापेक्षा उठून उभं कोण राहतंय, ही खरी पोटदुखी आहे असं मला वाटतं.

आता "बाहेरचा धर्म" या आक्षेपाकडे येऊ. त्याचं उत्तर साताऱ्यात आहे, आणि सातारकरांनाच त्याचा पत्ता नसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये कोकणात चित्पावन घरात जन्मले, १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काढली. शाळेच्या पुस्तकातून फुलांवर, पाखरांवर कविता लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला बिऱ्हाड केलं आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ सुरू केला. त्यातली कल्पना आजही धाडसाची वाटते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकाच बैठकीला बसतील; येशूचा शिष्य व्हायला मिशनच्या रजिस्टरात नाव चढवायची अट असणार नाही. मिशनरी साहेब बापाच्या जागी आणि एतद्देशीय ख्रिस्ती कायम लेकराच्या जागी, ही व्यवस्था टिळकांना सहन होत नव्हती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत, आणि त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली ती वरवर देशी रंग फासायला नव्हे. त्यांना दुसऱ्या कुठल्या रीतीने देवाशी बोलताच येत नव्हतं. मृत्यूनंतर आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

मे १९१९ मध्ये टिळक गेले. दरबाराला दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. प्रयोग फसला म्हणायचं की अपुरा राहिला, हे ज्याने त्याने ठरवावं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की परदेशी मिशनच्या दादागिरीवर सर्वांत कडक टीका महाराष्ट्रात झाली ती चर्चच्या आतून, एका मराठी ख्रिस्ती माणसाकडून, साताऱ्यात बसून. आज "यांची नाळ परदेशाशी जोडलेली आहे" असं म्हणणाऱ्याने हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. टिळकांची भजनं मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांमध्ये, आजही दर रविवारी म्हटली जातात. चाली ऐकल्या तर डोळे मिटून एखाद्याला वाटावं, शेजारच्या विठ्ठलमंदिरातच बसलोय.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट तर धर्मांतरावर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही मागोमाग गेल्या नाहीत. आधी वेगळ्या राहिल्या, माहेरच्यांनी छाती पिटली, मग एका छपराखाली येऊनही सोवळं सांभाळलं, चूल वेगळी ठेवली. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव तापट होता, घरात भांडणं होत, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. धर्मांतराने घरं मोडतात हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. आईबाप रडतात, सोयरीक तुटते, अन्न घशाखाली उतरत नाही. या दुःखाची थट्टा करणाऱ्या पुरोगाम्यांचा मला राग येतो. पण घर मोडतंय म्हणून कलेक्टर मधे घालायचा का?

कारण २०२५ मध्ये मागणी तीच होती. धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करायला राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जूनच्या प्रकरणानंतर या मागणीला जोर चढला. मध्य प्रदेश आणि ओडिशात असे कायदे १९६७-६८ पासून आहेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि सांगितलं की धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. हा निकाल धर्मांतरविरोधकांचा मोठा आधार आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. ठीक, मला दुसऱ्याला बदलण्याचा हक्क नाही. पण मी स्वतः बदलायचं ठरवलं तर? नव्या कायद्यांत, उदाहरणार्थ उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात, धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं, मग चौकशी व्हायची, अशी तरतूद आहे. अशीच पूर्वसूचनेची अट हिमाचलच्या जुन्या कायद्यात होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती रद्द केली. माणसाच्या मनात काय आहे ते आधी सरकारला कळवायला लावणं बसत नाही, असा त्याचा आशय. तरीही पुढच्या कायद्यात ती परत आली.

महाराष्ट्राने या अटीकडे बघताना १४ ऑक्टोबर १९५६ आठवावा. नागपूरला लाखो माणसांनी एका दिवशी धम्मदीक्षा घेतली. त्यांपैकी प्रत्येकाने साठ दिवस आधी अर्ज भरायचा, तहसीलदाराने जबाब घ्यायचा, गावच्या पाटलाला विचारायचं की हा खरंच मनापासून जातोय की कुणी आमिष दाखवलंय? त्यांना जे मिळणार होतं ते 'आमिष'च होतं की: माणूस म्हणून जगणं. त्या बाबासाहेबांचं शाळेत पहिलं नाव लागलं ते साताऱ्यात, १९०० मध्ये. आणि फार मागे जायचं तर फलटण सातारा जिल्ह्यातच आहे. आदिलशाहीत मुसलमान झालेले बजाजी निंबाळकर परत हिंदू धर्मात आले तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना जवळ केलं, एवढंच नव्हे तर आपली मुलगी सखुबाई त्यांच्या मुलाला दिली. धर्म बदलता येतो, उलटही बदलता येतो, हा इथला दाखला आहे. उत्तर प्रदेशच्या कायद्यात मात्र आधीच्या धर्मात परत जाणं हे धर्मांतर धरलंच जात नाही. म्हणजे दार आत यायला उघडं आणि बाहेर जायला त्याला कुलूप. असल्या कायद्याला 'धर्मस्वातंत्र्य' हे नाव देतात, याला काय म्हणावं!

भाकरीसाठी बाटले, हाही जुना टोमणा आहे. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली, अनाथ पोरं मिशनच्या आश्रयाला गेली, त्यांतली काही ख्रिस्ती झाली. झाली असतील भाकरीसाठी. माण-खटाव, जत-आटपाडीच्या माणसाला दुष्काळ काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्या पोरांना भाकरी दिली ती मिशनने दिली. गावातल्या विहिरीवर मात्र त्यांना पाणीही भरू दिलं जात नव्हतं. टोमणा मारायचाच तर तो कुणाला लागतो हे आधी बघावं.

'छुपे ख्रिश्चन' हा शब्द आता नव्याने ऐकू येतो. शाळेच्या दाखल्यावर हिंदू, घरात बायबल. अशी घरं आहेत, हे मिरजेच्या मंडळीतला कुणीही मोकळेपणी बोलला तर कबूल करील. पण ती का आहेत? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. म्हणजे मांगवाड्यातला एखादा ख्रिस्ती झाला की त्याची जात कागदावरून जाते. गावातून जात नाही, सोयरिकीतून जात नाही, आणि खरं सांगायचं तर चर्चच्या बाकावरूनही पुरती जात नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली की बाप दाखल्यात बदल करत नाही. कुठला बाप करील? २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्माशी बांधू नये अशी शिफारस केली, ती तशीच पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या आयोगाकडे प्रश्न पुन्हा सोपवला गेला. आहे त्या वाट्यात आणखी वाटेकरी येतील ही बौद्ध आणि हिंदू दलितांची भीती मला रास्त वाटते. पण १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाला वाट मोकळी करून दिली आहे, तेव्हा स्वतंत्र वाटा ठरवणं आता अशक्य राहिलेलं नाही. लपवाछपवीचा ज्याला खरोखर संताप आहे त्याने लपण्याचं कारण काढायची मागणी करावी. ती कुणी करत नाही. त्यांना तो माणूस लपलेलाच हवा असतो, पकडायला.

ख्रिस्ती बाजूलाही चार गोष्टी सुनवायच्या आहेत. जुन्या मंडळ्यांपासून सुटे असलेले प्रार्थनागट गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. तिथे हात ठेवला की गाठ विरघळते, गोळ्या सोडल्या तरी साखर ताब्यात येते, असलं काही कुणी सांगत असेल तर तो लोकांच्या जिवाशी खेळतोय. वानलेसच्या गावात तर हे विशेषच लाजिरवाणं. त्यावर इलाज म्हणून नवा कायदा लागत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये प्राण गमावले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं त्यात बसतं, आणि कायदा धर्म विचारत नाही. भोंदू बाबाला लागतो तसा भोंदू पाद्र्यालाही लागतो. तो वापरायला ज्यांनी सर्वांत आधी पुढे यायला हवं ते म्हणजे चर्चचे पाळक. गप्प बसून त्यांनी आपल्याच माणसांना उघड्यावर टाकलं आहे. दुसरं, मिशन गेल्यावर मागे राहिलेल्या जागांचं काय चाललंय? विश्वस्तांची भांडणं, धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षं पडलेले विश्वस्त-बदलाचे अर्ज (चेंज रिपोर्ट), भाडेपट्टे कुणी कुणाला दिले याचे कोर्टकज्जे. मंडळीतल्या तरुणाला विचारा, तो या गोष्टींनी धर्मांधांइतकाच कावलेला सापडेल. बाहेरच्यांनी पावती मागू नये हे खरं. पण आतल्या माणसाने आपल्याच विश्वस्तांकडे ती मागावी, अगदी ऑडिटसकट.

आणि शेवटचा विषय जमिनीचाच, फक्त तो सहा फुटांचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका पाळकाचं शव जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण गावाने त्याला गावात पुरू दिलं नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि अखेर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. आपल्याकडे अशी वेळ आलेली नाही म्हणून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. मिरज तालुक्यातल्या, कराड-वाळव्यातल्या किती गावांत ख्रिस्ती दफनभूमीची नोंद सातबाऱ्यावर आहे, किती ठिकाणी ती नुसती वहिवाट आहे, आणि किती ठिकाणी शेजारच्या बांधाने ती खाल्ली आहे, हे जिल्हा परिषदेने तपासायला काय हरकत आहे? धर्मांतराचा अभ्यास करायला समिती नेमणाऱ्या सरकारला हा अभ्यास एका परिपत्रकात उरकता येईल. तलाठ्यांनी मोजणी करावी, ग्रामसेवकांनी ठराव घ्यावा, आणि पुढच्या ग्रामसभेत वस्तीतल्या माणसाने हा विषय मांडला तर त्याला आधी पणजोबांचा धर्म न विचारता गट नंबर विचारावा.